'बाहेरची हवा' लिहिलंय म्हणजे लागलेली आहे की लावायला दाबायचं?

फोंड्याचो_स्क्रीनवालो:
मंडळी, डोकं फिरलंय. वेर्ण्यात छोट्या टीममध्ये आहे, गाडीच्या टचस्क्रीनचं एसीचं पान माझ्याकडे आहे. हवेच्या बटणावरचं नाव मी बदलतं ठेवलंय, एकदा दाबलं की 'बाहेरची हवा', परत दाबलं की 'आतली हवा', म्हणजे आत्ता जे चालू आहे ते. रविवारी भाऊ ट्रायलची गाडी घेऊन चोर्ल्याला गेला, पाऊस, धुकं, काचेवर आतून वाफ. त्याला बाहेरची हवा हवी होती, ती लागलेलीच होती, पण नाव वाचून त्याने दाबलं आणि आतली लागली, वाफ अजून वाढली. घरी येऊन मला म्हणतो, "तुझं बटण सांगतंय की विचारतंय?" बॉस म्हणतो चालूला हिरवा, बंदला लाल दे, विषय संपला. मला पटत नाही, पण का ते सांगता येत नाहीये.

वायरमन_डिचोली:
भावाने एका वाक्यात सगळं सांगितलं रे. घरच्या स्विचबोर्डवर कोणी 'पंखा बंद' लिहितं का? 'पंखा' एवढंच लिहितात, चालू-बंद खटक्यावरून कळतं. तसंच कर, नाव कायम एकच, अवस्था वेगळी दाखव. आता कोणीतरी म्हणेल गाण्याच्या अ‍ॅपमध्ये गाणं चालू असताना पॉजची खूण दिसते, म्हणजे दाबल्यावर काय होईल ते. ते चालतं कारण गाणं चालू आहे हे कानालाच कळतं, हवा आतली की बाहेरची हे बसलेल्याला कसं कळणार? आणि खरं तर तुझं हे टॉगलच (एकाच बटणावर चालू-बंद) नाही, दोन पर्याय आहेत. 'आतली' आणि 'बाहेरची' शेजारी शेजारी ठेव, जो लागलाय तो भरलेला, दुसरा नुसती चौकट. एसी, मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर यांना टॉगल ठीक.

काळी_पाटी_पिवळी_अक्षरं:
माझ्या रेंटच्या गाड्या आहेत, पर्यटक फोन करून विचारतात एसी कसा बंद करायचा 😀 लाल अजिबात नको. गाडीत लाल दिवा म्हणजे ऑइल, ब्रेक, इंजिन तापलं. बंद एसी लाल दिसला तर गिऱ्हाईक गाडी बाजूला घेऊन मला फोन करणार. शिवाय लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक आहेत, आणि दुपारी झुवारी पुलावर ऊन थेट स्क्रीनवर पडलं की रंग फिकेच पडतात, वर पोलराइज्ड गॉगल असेल तर काही स्क्रीन काळीच दिसते. भरलेलं आणि रिकामं यातला फरक कृष्णधवल फोटोतही कळला पाहिजे. वेबच्या नियमात अशा खुणांना निदान ३:१ कॉन्ट्रास्ट (खूण आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) सांगितलाय, गाडीत मी तर त्याच्यापेक्षा जास्तच मागेन.

कॅनबस_काका:
वरचं सगळं बरोबर. आकार पण बघ, फोनवर ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप मोजायचं अँड्रॉइडचं एकक) चालतं, गाडीसाठी गूगल ७६ डीपी सांगतं, खड्ड्यात बोट हलतं ना. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या २०१३ च्या मार्गदर्शनात एका नजरेला साधारण २ सेकंद आणि पूर्ण कामाला १२ सेकंद धरलेत. ताशी ६० ने २ सेकंदात गाडी ३३ मीटर जाते, तेवढ्यात गुरं आडवी आलेली असतात आपल्याकडे. म्हणून 'आतली' की 'बाहेरची' हे वाचत बसायला लावू नको, गाडीची आकृती आणि बाणाची नेहमीची खूण पण ठेव.
आणि एक, हे सगळे विसरतात. बटण दाबलं म्हणून लगेच 'चालू' दाखवू नकोस. दाबल्याची हालचाल लगेच दाखव, पण अवस्था कॅन बसवरून, म्हणजे गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात त्या वायरवरून, एसीच्या मॉड्यूलचं उत्तर आल्यावरच बदल. नाहीतर हवेची झडप फिरवणारी मोटर अडकलेली असते आणि स्क्रीन खुशाल खोटं बोलत असते.

फोंड्याचो_स्क्रीनवालो:
देव बरें करूं सगळ्यांचं. काका, तुमचं शेवटचं वाचून घाम फुटला, आमचं बटण दाबल्याबरोबर बदलतं, उत्तराची वाट बघतच नाही 🙈 म्हणजे भावाने दाबल्यावर नक्की काय लागलं तेही आता गाडीतली नोंद (लॉग) काढून बघायला हवं. दोन पर्यायवालं डिझाइन रात्री काढून आईला दाखवलं, तिने न विचारता बरोबर ओळखलं. बॉसला लाल काढायला राजी केलं, हिरव्यावर मात्र अजून अडलाय.

काळी_पाटी_पिवळी_अक्षरं:
हिरवा राहू दे त्याला, भरलेला-रिकामा फरक असला म्हणजे झालं. आणि स्क्रीन उन्हात नेऊन दाखव, एसी केबिनमध्ये नको.