इस्रोखेरीजही दारं आहेत

मुलीला इस्रोत इंटर्नशिप मिळाली नाही म्हणून ती खचलीय, असं तुम्ही लिहिलंत. तिला सांगा, पुण्यातच आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आहे, एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राचा व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम आहे. ती इलेक्ट्रॉनिक्सची आहे ना? मग एनसीआरए आधी बघा.

त्यांची जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. विज्ञान दिनाला मी तिथे गेलो होतो. एका अँटेनाकडे मान वर करून बघितलं, तर बशीतून चक्क आभाळ दिसत होतं! जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी आहे ती. वारा आरपार जातो, म्हणूनच एवढी बशी हलकी ठेवता आली. रिसीव्हर, सिग्नल प्रोसेसिंग, सगळं इंजिनिअरांचंच काम. फेब्रुवारीत एकदा घेऊन जाच तिला.

तोवर हात रिकामे नकोत. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश दुर्बिणीचा डेटा इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतो. पायथन शिकून एका ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख, जरी तिने स्वतः काढला, तरी शास्त्रज्ञांना ईमेल करताना 'मला खूप आवड आहे' यापेक्षा तो आलेख जोडता येईल.