सीटाइप्समध्ये पॉइंटरची तुलना
सीटाइप्स (ctypes) ही पायथनमधून सी भाषेतली फंक्शन्स वापरायची लायब्ररी. तिच्यात नेहमी पडणारा प्रश्न: दोन पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारे) एकाच पत्त्यावर असूनही == फॉल्स का देतं? कारण सीटाइप्स तिथे पत्ते बघतच नाही, पायथनचे ऑब्जेक्ट ताडले जातात. सी_व्हॉइड_पी (c_void_p) म्हणजे कुठल्याही प्रकारचा पत्ता ठेवणारा पॉइंटर; सी_व्हॉइड_पी(5) == सी_व्हॉइड_पी(5) करून बघा, तेही फॉल्सच! म्हणून दोन्ही पॉइंटर सी_व्हॉइड_पी मध्ये कास्ट करा (त्या प्रकारात बदला) आणि .व्हॅल्यू (.value, म्हणजे आतला पत्ता) ताडा. नल (कुठेच न दाखवणाऱ्या) पॉइंटरची व्हॅल्यू मात्र 0 नव्हे, नन (None) येते.

आधी रेसटाइप (restype, म्हणजे सी फंक्शन काय प्रकारचं उत्तर परत देतं ते) दिलाय ना, तेही बघा. नाहीतर परत आलेला पत्ता इंट (int, साधा पूर्णांक) समजला जातो आणि 64 बिटवर वरचा अर्धा भाग गळतो. माझी अख्खी दुपार यात गेली होती.

विंडोजवर तर गंमतच. रेसटाइप सी_व्हॉइड_पी असताना क्रिएटफाइल (CreateFile, फाइल उघडायचं विंडोजचं फंक्शन) फसलं, की ते -1 देतं म्हणून तुम्ही -1 शोधत बसता आणि 64 बिटवर हातात पडतं 18446744073709551615. तिथे सी_व्हॉइड_पी(-1).व्हॅल्यूशी तुलना करा.