समुद्राच्या लाकडाचा बगळा पावसाळ्यात सुटतोय, काय करू?

सुरूबन:
मी गुहागरला राहते. गणपती झाले आणि समुद्र निवला की पहाटे ओहोटीला असगोलीच्या अंगाला चालत जाते आणि पावसाने आणून टाकलेलं लाकूड गोळा करते. सुरूच्या मुळ्या, होडीच्या फळ्यांचे तुकडे, तुटके बोये, हिरवे दोर. तीन वर्षांत पडवी भरली. गेल्या मार्गशीर्षात एका वाकड्या मुळीत मला बगळा दिसला, पावसात मान आखडून उभा असतो तसा. मानेला मी पटाशी लावलीच नाही. पंखांना होडीची फळी, त्यावरचा जुना निळा रंग तसाच ठेवला. शेपटीला मासेमारीच्या जाळ्यातून आलेला काळा समुद्रपंखा, समुद्रात जाळीदार पंख्यासारखा वाढतो तो. उंची अडीच फूट.

जून लागला आणि अंगावर पांढरी पूड फुटली. खिळ्यांतून तांबडे ओघळ आलेत, डावा पंख लोंबतोय, पायाशी रोज पिठासारखा भुगा पडतो. तो मोडलेला मला बघवत नाही. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

खाडीकाठ:
ताई, आमचे बाबा होड्या बांधायचे, म्हणून लाकूड थोडं कळतं. ती पांढरी पूड मिठाची. मीठ हवेतला ओलावा ओढतं, लाकूड फुगतं, ऊन पडलं की आक्रसतं. सांधा टिकणार कसा? सगळा बगळा सोडवा. तुकडे पिंपात गोड्या पाण्यात बुडवा, वर दगड ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. जाड मुळीला महिनाही लागेल. मीठ निघालं का ते असं बघा: एका ताटलीत पिंपातलं पाणी, दुसरीत विहिरीचं, दोन्ही उन्हात आटवा. थर सारखाच दिसला की झालं. मग सावलीतच वाळवा, टोकांना गोणपाट गुंडाळून, नाहीतर चिरा जातील. दर आठवड्याला वजन करा. ते उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

लोखंडी खिळा पुन्हा नको. बांबूच्या खुंट्या आणि दोन भागांचा इपॉक्सी गोंद वापरा. स्क्रू लागलाच तर ३१६ नंबरचं स्टेनलेस घ्या, खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा तेच टिकतं.

रंधा:
भुग्याचं वेगळं आहे. लाकडातली मोठी भोकं आतून चुन्यासारखी गुळगुळीत असतील तर ती समुद्रातल्या लाकूडकिड्याची. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या जातीचा, पाण्याबाहेर मरतो. त्या भोकांना हात लावू नका, तीच नक्षी. ताजं पीठ मात्र पडवीत लागलेल्या भुंगेऱ्याचं असणार. धुऊन वाळवल्यावर टाकणखार आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून दोन-तीनदा ब्रशने लावा, बारीक भोकांत सिरिंजने सोडा. हातमोजे घाला, मुलं लांब ठेवा. तेल किंवा व्हार्निश सगळ्यात शेवटी, आधी लावलं तर औषध आत जाणार नाही.

ओहोटी:
बगळा फार आवडला. पण समुद्रपंखा काढा. तो प्रवाळांचा भाऊबंद, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, आणि मेलेला सापडला तरी घरात ठेवता येत नाही. वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात स्वतः नेऊन द्या. पुढे जाळ्यात दिसला तर पुन्हा पाण्यात सोडायला सांगा.

सुरूबन:
समुद्रपंख्याचं खरंच माहीत नव्हतं, वाचून रात्री झोप लागली नाही. आज सकाळी वनखात्यात देऊन आले. असगोलीच्या ज्या दादांनी मला तो दिला होता त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, जाळ्याला असे अडकतात तेव्हा आम्ही उपटून वाळूत टाकतो, आता नाही टाकणार.

बगळा सोडवला. मान पिंपात, पंख बादलीत. दोन ताटल्या पत्र्यावर ठेवल्यात, पण ऊन कुठलं, म्हणून रात्री चुलीच्या वैलावर सरकवल्या. पिंपातली अजून पांढरी आहे. शेपटीसाठी हिरवा दोर उसवून बघतेय, पिळ सुटल्यावर त्याचे धागे पिसांसारखे पसरतात. खाडीकाठ, बांबूची खुंटी भोकात घट्ट ठोकायची की जराशी सैल ठेवायची?

खाडीकाठ:
हाताने दाबून जाईल इतकीच. ठोकली तर गोंद खरवडून बाहेर येतो आणि मुळी फाटते. खुंटीला लांबीभर एक चर पाडा, आतली हवा आणि जास्तीचा गोंद तिथून निघेल.