३६००च्या वेगाला मेमरी टिकत नाही

प्रश्न (फोंडा): रायझन ५ ५६०० प्रोसेसर (सीपीयू), आठ जीबीच्या चार डीडीआर४ मेमरी स्टिक. एक्सएमपी (मेमरीचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) लावून वेग ३६०० केला की मेमटेस्टमध्ये (मेमरी तपासणारा प्रोग्राम) चुका. ३२००ला रात्रभर एकही नाही. आजोबांच्या भजनांच्या जुन्या कॅसेटी याच मशीनवर उतरवतोय. एक फाईल खराब झालीय, जीव टांगणीला लागलाय.

म्हापसा: आधी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा! चार स्टिकांचा भार सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरला (मेमरी सांभाळणारा भाग) जड जातो. दोनच ठेवा, सीपीयूपासून दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये. मग त्यांच्या जागी दुसरी जोडी लावून तपासा.

मडगाव: बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) मेमरीचं व्होल्टेज १.३५ दिसतंय ना?

फोंडा: १.३५च आहे. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या ३६००ला स्वच्छ! चार एकत्र आल्या की नडतात. भजनं संपेपर्यंत ३२००च.