एकटी आई, पगार कमी. मुलीचं टॅक्स क्रेडिट (करातली सवलत) कसं मागायचं? न्यू जर्सीतल्यांनी सल्ला द्यावा

जाई_एडिसन
नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. ग्रीन कार्ड आहे, एडिसनला भाड्याने राहते. गेल्या ऑगस्टमध्ये घटस्फोट झाला. मुलगी चार वर्षांची, इथेच जन्मलेली, 2025 चं पूर्ण वर्ष माझ्याजवळ होती. किराणा दुकानात काम करते, डब्ल्यू-टूवर (मालक देतो तो वर्षाच्या पगाराचा कागद) 24,000 डॉलर आहेत. शनिवार-रविवार पोळीभाजीचे डबे देते, ते पैसे रोख.

आजवर टॅक्सचं सगळं नवरा बघायचा, तो दाखवेल तिथे मी सही करायचे. आता तो म्हणतो, "मी दर महिन्याला पैसे पाठवतो, मग मुलगी माझ्याच रिटर्नवर येणार." शेजारणीने एका टॅक्सवाल्याकडे नेलं. त्याने 450 डॉलर सांगितले, वर "रिफंड उद्याच हातात देतो" म्हणाला. स्वतःची सही कुठेच करणार नव्हता. मी उठून आले. क्रेडिट नक्की कोणाचं? डब्यांचे पैसे दाखवायचे का? आणि खात्रीचं माणूस कुठे मिळेल?

विनयकाका
जाईताई, उठून आलात ते फार चांगलं केलंत. पैसे घेऊन रिटर्न करून देणाऱ्याने त्यावर सही करून आपला पीटिन नंबर (टॅक्सवाल्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) टाकलाच पाहिजे. आणि "उद्याच" मिळतो तो रिफंड नसतो, कर्ज असतं. तुम्ही मागणार आहात त्या क्रेडिटांचा रिफंड आयआरएस (अमेरिकी सरकारचं टॅक्स खातं) फेब्रुवारीच्या मध्याआधी सोडू शकत नाही, कायदाच तसा आहे.

मी व्हिटाच्या (कमी उत्पन्नवाल्यांचं रिटर्न फुकट भरून देणारी आयआरएसची योजना) मोफत केंद्रावर स्वयंसेवक म्हणून बसतो, तुमच्यासारख्या आया दर सीझनला भेटतात. मुलगी कोणाची, हे कोण किती पैसे पाठवतो यावर ठरत नाही. वर्षातल्या जास्त रात्री ती कोणाकडे झोपली, ते बघतात. म्हणजे ती तुमची. तुम्ही 8332 नंबरच्या फॉर्मवर सही करून दिलीत तरच वडिलांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येतं. घटस्फोटाच्या कागदांत तसं काही कबूल केलंय का, ते आधी वकिलाकडून बघून घ्या. पण सही केलीत तरी अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांना मिळतं ते) आणि हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचा) हा दर्जा त्यांच्याकडे जात नाही. घराचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तर हा दर्जा तुमचाच.

आता आकडे, डबे बाजूला ठेवून. 2025 साठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट मुलामागे 2,200 डॉलर आहे. तुमचा टॅक्स जेमतेम तीस-चाळीस डॉलर निघेल, तो त्यातून वळता होईल. उरलेल्यातले जास्तीत जास्त 1,700 रोख परत मिळतात, ते तुम्हाला पूर्ण मिळतील. अर्न्ड इन्कम क्रेडिट साधारण 4,200. न्यू जर्सी राज्य त्याच्या 40 टक्के वेगळे देतं, म्हणजे 1,680 च्या आसपास. शिवाय मूल सहा वर्षांच्या आतलं आणि उत्पन्न 30,000 पर्यंत असेल तर राज्याचं चाइल्ड क्रेडिट 1,000. सगळे मिळून साडेआठ हजारांच्या घरात. ताई, ही कोणाची मेहेरबानी नाही. कमी पगारात मूल वाढवणाऱ्यांसाठीच हे कायद्यात लिहिलंय, तेव्हा संकोच करू नका.

फक्त पुरावा आत्ताच गोळा करा. एका आईला आयआरएसचं पत्र आलं होतं, मूल तुमच्याकडे राहत होतं ते दाखवा म्हणून. तिने शाळेचं पत्र आणलं तर त्यावर जुना पत्ता. डॉक्टरांचं आणलं, पत्ता बरोबर होता पण तारखाच नव्हत्या. कामावरची सुट्टी काढून तिसरी फेरी मारली तेव्हा कुठे एका कागदावर मुलाचं नाव, आईचं नाव, पत्ता आणि कधीपासून कधीपर्यंत असं सगळं एकत्र आलं. पत्र लेटरहेडवरच मागा. आजी-आजोबा मूल सांभाळत असतील तर नुसतं त्यांचं पत्र त्यासाठी पुरत नाही.

मृण्मयी_के
जाई, आजच आयआरएसच्या साइटवरून आयपी पिन (रिटर्न तुझंच आहे हे पटवणारा गुप्त नंबर) काढून ठेव. मुलीच्या वडिलांनी आधी तिला दाखवून रिटर्न भरलं तर तुझं ई-फाइल (ऑनलाइन भरलेलं रिटर्न) परत येतं. हा पिन असेल तर 2025 च्या सीझनपासून तशातही स्वीकारतात. नंतर दोघांनाही पत्र येतं आणि कागद दाखवावे लागतात. माझ्या बाबतीत असंच झालं होतं. कागद होते म्हणून निभावलं.

डब्यांचे पैसे दाखव. पीठ, भाज्या, डब्यांची भांडी हा खर्च वजा करून वर्षाला 400 डॉलर किंवा जास्त उरले तर त्यावर 15.3 टक्क्यांच्या हिशेबाने सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्यावरचा) लागतो. वहीत आठवड्याचा जमाखर्च लिहीत जा.

सातारकर_पारसिपनी
मध्येच विचारतो. माझी मुलगी पाच वर्षांची, भारतात जन्मलेली, एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा). तिला आणि बायकोला आयटीन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) आहे. नोकरी गेल्यामुळे वर्षाचे 38,000 च झाले. आम्हाला काही मिळेल का?

विनयकाका
मुलीला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून 2,200 वालं नाही. बायकोलाही नाही, त्यामुळे एकत्र रिटर्नवर अर्न्ड इन्कमही नाही. मुलीमागे 500 डॉलरचं दुसरं क्रेडिट आहे, पण ते भरायच्या टॅक्समधूनच वजा होतं, रोख मिळत नाही. राज्याच्या चाइल्ड क्रेडिटला मात्र आयटीन चालतो. तुमच्या उत्पन्नाला 800 डॉलर बसतील. ते सोडू नका.

जाईताई, तुमचं केंद्र आयआरएसच्या साइटवर झिपकोड टाकून सापडेल. फोटो आयडी, तुमचं आणि मुलीचं सोशल सिक्युरिटी कार्ड, डब्ल्यू-टू, मागचं रिटर्न, बँकेचा राउटिंग नंबर बरोबर असू द्या. मार्केटप्लेसमधून (सरकारी विमा बाजार) आरोग्य विमा घेतला असेल तर 1095-ए फॉर्म पण.

जाई_एडिसन
काका, मृण्मयी, काल रात्री दोनदा वाचून काढलं. आज दुपारी मुलीला आणायला गेले तेव्हा डेकेअरच्या ऑफिसात पत्र मागितलं. त्यांनी नुसतं "आमच्याकडे येते" एवढंच लिहिलं होतं. मी तिथेच उभी राहून पत्ता आणि जानेवारी ते डिसेंबर घालून घेतलं. शनिवारची वेळ मिळाली आहे. 1095-ए म्हणजे विम्याचा तो जानेवारीत पोस्टाने येतो तोच कागद ना? माझा अजून आलेला नाही.

विनयकाका
हो, तोच. पोस्टाची वाट बघू नका, मार्केटप्लेसच्या तुमच्या खात्यातून उतरवून घ्या. त्याच्याशिवाय शनिवारी आम्हाला तुमचं रिटर्न पुरं करता येणार नाही.