दर्यात वडील गेलेल्या मुलासाठी सरकारी उपचार आणि मदत कुठे मिळेल? (दापोली तालुका)

हर्णै_शिक्षिका: चौथीतला मुलगा, वय 9. अडीच महिन्यांपूर्वी बोट उलटून वडील गेले. आई मासळी सुकवायच्या कामाला जाते. तेव्हापासून तो रात्री अंथरूण ओलं करतो, दचकून उठतो. वारा सुटला की वर्गात बाकाखाली जाऊन बसतो. खासगी डॉक्टर परवडणार नाही. कुठे न्यावं? कागद आधी कळले तर आईचे खाडे वाचतील.

खाडीपलीकडे: ताई, उपचार आणि पैसे या दोन वेगळ्या वाटा आहेत, एकीसाठी दुसरी अडवू नका. आजच आईला 14416 वर (टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्य मदतवाहिनी) फोन लावून द्या. चोवीस तास, फुकट, मराठीत. नुसतं "मुलगा घाबरतो" म्हटलं तर धीर देऊन फोन ठेवतील. घटना कधी घडली, आठवड्यातल्या किती रात्री बिघडतात, शाळेत काय होतं, हे सगळं सांगा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवायला सांगा. महिना उलटूनही त्रास टिकलाय म्हणजे तपासणी हवीच.

दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी लघवी तपासून घ्या. जंतुसंसर्ग किंवा साखर असली तरी अंथरूण ओलं होतं. मानसोपचार पथक कोणत्या वारी येतं ते तिथेच विचारा, नाहीतर हेलपाटा होतो. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव ऐकून घरचे बिचकतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवणं म्हणजे भरती करणं नव्हे, हे आईला नीट समजवा.

झोपेच्या गोळ्या मागू नका. अशा धक्क्यानंतर लहान मुलांना त्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. खरा उपचार म्हणजे आघातावर केंद्रित समुपदेशन (घडलेल्या धक्क्याबद्दल हळूहळू बोलतं करून भीती कमी करणं), साधारण 12 ते 16 बैठका, शक्यतो दर आठवड्याला आणि एकाच समुपदेशकाकडे. घटनेबद्दल बोलणं सुरू झालं की काही दिवस झोप आणखी बिघडू शकते, आणि नेमकं तेव्हाच घरचे उपचार सोडतात. हे आईला आधीच सांगून ठेवा. अंथरुणावरून रागावणं मात्र आजपासून बंद.

वरवडे_कट्टा: पैशांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना: महिना 2250 रुपये, 18 वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. मग गृहभेट, आणि मंजुरी बालकल्याण समितीची. कागद: वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आई आणि मुलाची आधार कार्डं, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँक पासबुक, घरासमोर मुलासह आईचा फोटो. अर्ज अडतो तो बहुतेक नावापायी: मृत्यूच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. ते आधी जुळवा. खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजुरी मिळूनही पैसे येत नाहीत.

शिवाय वडिलांचा प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला (केंद्राची मच्छीमारांसाठीची योजना) गट अपघात विमा होता का, हे मच्छीमार सोसायटीत विचारा. मृत्यूसाठी 5 लाख आहेत. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती जपून ठेवा.

हर्णै_शिक्षिका: शाळेत मी काय करू? समुद्रावर नेऊन भीती घालवू का?

खाडीपलीकडे: नको, जबरदस्तीने अजिबात नको. ते समुपदेशकाच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्याने. तुम्ही त्याला दाराजवळची जागा द्या, वारा सुटला की बाहेर जायची मुभा द्या, आणि कधी काय होतं ते तारखेसह वहीत लिहा. तपासणीला जाताना ती वही आईबरोबर पाठवा.