दोन डॉक्टरांची औषधे आणि इन्सुलिन: फार्मासिस्टला काय विचारावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आणि खासगी डॉक्टरांच्या गोळ्या ते सोबतच घेतात. शिवाय गुडघेदुखीची गोळी किराणा दुकानातून येते. आता इन्सुलिन सुरू झाले आहे, पण मे महिन्यात भारनियमनामुळे फ्रिज तासन्‌तास बंद असतो. यातले फार्मासिस्टला काय विचारता येईल?

उत्तर (फार्मासिस्ट, वर्धा जिल्हा)
रिकाम्या पाकिटांसह सगळी औषधे आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच पिशवीत घेऊन जा; बाजाराचा दिवस मात्र टाळा, त्या गर्दीत कोणीच नीट बोलू शकत नाही. मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीने दिलेले असते, म्हणून बारीक अक्षरांतले मूळ औषधाचे नाव जुळवून पाहावे लागते. साखर कमी करणारे ग्लिमेपिराइड दोन नावांनी दोनदा पोटात जात असेल आणि माणूस न जेवता वावरात गेला, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि भोवळ येऊ शकते. तो शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅकची असल्यास तीही दाखवा, कारण तिने रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांना धोका पोहोचतो. गोळी बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच, पण फार्मासिस्ट त्यांना फोन करून ही बाब कळवू शकतो. रुग्णाला औषध समजावून सांगणे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार त्याचे कामच आहे, तेव्हा संकोच नको.

उत्तर (परिचारिका, वाशीम जिल्हा)
न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, पण बर्फाला टेकवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजावे. फ्रिज बंद असताना चालू बाटली कोरड्या डबीत घालून दोन मडक्यांच्या सोयीत ठेवता येते: मोठ्या मडक्यात ओली रेती, तिच्यात लहान मडके, वर ओले फडके, आणि सारे सावलीत. एरवी पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, तर टोचू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमच्या दुकानात बहुतेक वेळा कामावरचा मुलगाच औषध देतो.

उत्तर (फार्मासिस्ट, वर्धा जिल्हा)
मग नोंदणीकृत फार्मासिस्ट किती वाजता असतो ते विचारून त्याच वेळी जा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध त्याच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. तोवर इन्सुलिनची मात्रा मनाने कमी-जास्त करू नका.